हिंगुळी पट्ट्याचा कोळी

बनुबाईच्या जिभेला हाड नव्हतं हे सगळी वाडी जाणून होती. तिच्या हाताला काय कला होती, ते मात्र महाडच्या बाजारात विकलेल्या बैलांनाच ठाऊक, आणि बैल काही बोलत नाहीत. तिचा नवरा हैबती बैलांची दलाली करायचा. घाटावरची जनावरं आंबेनळीच्या घाटाने खाली उतरवायची, थोडे दिवस गोठ्यात बांधून चारायची आणि कोकणातल्या एखाद्या भोळ्या शेतकऱ्याच्या गळ्यात मारायची, असा त्याचा धंदा. त्या थोड्या दिवसांत बैलाचं रूप पालटायचं ते बनुबाईच्या हातून. ती शिंगं तासून सारखी करी, पिकलेले केस काजळीने काळे करी, आणि कपाळावर चांद नसेल तर तोही चुन्याच्या निवळीने असा उमटवी की पहिला पाऊस पडेपर्यंत गिऱ्हाइकाला पत्ता लागू नये. आता याला कोणी लबाडी म्हणेल. बनुबाई म्हणायची, नवरी नटवतात ती काय लबाडी?

पुढे हैबती गेला. मूलबाळ झालं नव्हतं, म्हणून बनुबाई माहेरी आली. माहेर म्हणजे पोलादपूरच्या वरच्या अंगाला, घाटाच्या पायथ्याशी टेकलेली वाडी. तिथे तिचा भाऊ कुशाबा चांगला जमीनजुमला राखून होता. त्याचा थोरला महिपती बनुबाईच्याच मांडीवर वाढला. बारशाला त्याचं नाव तिनेच त्याच्या कानात सांगितलं होतं, तो मान आत्याचाच. नाव सांगताना बायकांनी तिच्या पाठीत एवढे धपाटे घातले होते की दोन दिवस तिला पाटावर टेकून बसवलं नाही, आणि हे ती अजून कौतुकाने सांगायची. वाडीतल्या कितीतरी पोरांची नावं तिच्या तोंडून आली होती. तिचं स्वतःचं नाव मात्र पुढे कोण घेणार, हा प्रश्न तिला अधूनमधून टोचायचा. बोलून दाखवायची नाही एवढंच.

महिपती मुंबईला शिकायला गेला तो कोळी शिकायला लागला. म्हणजे जाळं विणतो तो कोळी. आठ पायांच्या किड्यावर कोणी माणूस कॉलेजात शिकतो, हे कुशाबाला पटवायला महिपतीला अख्खी उन्हाळ्याची सुट्टी लागली होती. त्याचे एक प्रोफेसर होते, हिंदुस्थानातल्या कोळ्यांची त्यांना खडान्‌खडा माहिती. त्यांच्या हाताखाली महिपती काम करी, आणि पुढेमागे तिथेच कायम व्हायची त्याला आशा होती. तेव्हा महाडला चवदार तळ्याचा खटला कोर्टात चालू होता. बाजारात दोन माणसं भेटली की त्याच्यावरून वाजायचं. वाडीत मात्र त्या दिवाळीला लोकांच्या तोंडी एकच विषय होता, तो म्हणजे कुशाबाच्या गोठ्यातला कोळी.

त्याचं असं झालं. पाडव्याच्या सकाळी बनुबाईने बैलांना न्हाऊ घातलं, तेलात हिंगूळ खलून शिंगं लालभडक रंगवली, गळ्यात झेंडूच्या माळा घातल्या. महिपती दिवाळीच्या सुट्टीत घरीच होता. दुसऱ्या दिवशी तो गव्हाणीपाशी उकिडवा बसून भिंगातून खांब न्याहाळत होता, तो एकदम ओरडत घरात आला. हातात काचेची नळी, नळीत मसुराएवढा तपकिरी कोळी, आणि त्याच्या पाठीवर कुंकवाची चिरी ओढावी तसा तांबडाजर्द पट्टा.

असला पट्टा याच्या जातभाईंपैकी कोणाच्याच पाठीवर नसतो, असं त्याने सांगितलं. कोणी पाहिला नाही, कोणी लिहिला नाही. नवी जात असेल तर तिला नाव द्यायचा मान आपल्याला, आणि ते नाव छापून साऱ्या जगात जाणार, चंद्रसूर्य असेपर्यंत राहणार. बनुबाई तांदूळ निवडत ऐकत होती. महिपतीने तिच्याकडे वळून सांगितलं, "आते, याला तुझंच नाव देतो."

तिने सूप आपटलं. मेल्या, माझं नाव किड्याला देतोस, म्हणून त्याच्या सात पिढ्यांची उजळणी केली, त्यात तिची स्वतःचीही पिढी आली. पण तांदूळ निवडून होईतो तिच्या डोक्यात ते नाव रुजलं होतं. बनुबाई. छापलेलं. चंद्रसूर्य असेपर्यंत. संध्याकाळी ती पाण्याला गेली तेव्हा घागर भरायच्या आधी तिने ही बातमी विहिरीवरच्या सगळ्या बायकांना सांगून टाकली.

शेजारची रंगूबाई तिथेच होती. रंगूबाईला पाच मुलगे, आणि बनुबाईशी तिचं उभं वैर, म्हणजे दोघी एकमेकींवाचून एक दिवस राहू शकत नसत. ती शांतपणे घागर डोक्यावर घेत म्हणाली, "बरं झालं गो. नाव चालवायला पोर नाय, तर कोळी तरी गावला."

बनुबाईने घागर अर्धीच भरली आणि ती वाटेला लागली. घरी येताना तिचे डोळे भरून आले आणि तिने पदराने पुसले. त्या दिवसापासून तो कोळी नवा ठरलाच पाहिजे आणि त्याला तिचंच नाव मिळालं पाहिजे, असं तिने मनाशी धरलं. देवीला नारळही बोलली.

पण विद्या म्हणजे काय देवीचा कौल? महिपतीने सांगितलं की एकटा नमुना कामाचा नाही. एकाच्या पाठीवर पट्टा असला म्हणजे जात झाली नाही. तसे आणखी पाहिजेत, आणि त्यात एखादा नरही पाहिजे. हाती आलेली ती मादी होती. प्रोफेसर सुट्टीत महाबळेश्वरला जाणार होते, दासगावच्या बंदरात बोटीतून उतरून मोटारीने घाट चढायचे. वाटेत ते वाडीवर थांबतील आणि कोळी बघतील, असा निरोप होता.

मग शोध सुरू झाला. महिपतीने गोठा पालथा घातला, पेंढ्याची उडवी उकरली, कुंपणं झोडपली, आंबेनळीच्या पहिल्या वळणापर्यंतचे ओले दगड उलथले. कोळी ढिगाने मिळाले, पण पट्टा एकालाही नाही. पोरगं खंगायला लागलं. ताटावर बसे आणि दोन घास चिवडून उठे. त्याची आई आनंदीबाई दृष्ट काढून थकली. बनुबाई त्याच्यापुढे खरवस ठेवी, तो मांजर खाऊन जाई.

अशात एका सकाळी ती शेण भरायला गोठ्यात गेली, आणि गव्हाणीपाशी तिची नजर खांबावर पडली. खांबाच्या फटीत कोळ्याचं फाटकं जाळं, आणि त्याच्यावरून गेलेला हिंगुळाचा एक ओघळ. पाडव्याला शिंगं रंगवून झाल्यावर तिने हातातला बोळा तिथेच पुसला होता.

कोळ्याच्या पाठीवरचा पट्टा देवाने काढलेला नव्हता, तिने काढला होता. शेणाची पाटी तशीच ठेवून ती गव्हाणीच्या कडेला बसली. महिपतीला हाक मारून खांब दाखवायचा, एवढंच करायचं होतं. दोनदा ती उठलीही. पण सांगितलं की पोराचं तोंड उतरणार, नाव जाणार आणि रंगूबाईची दिवाळी होणार. शिवाय, प्रोफेसर झाले तरी माणूसच की. महाडच्या बाजारात जन्म घालवलेले शेतकरी जिथे तिच्या हाताला फसले, तिथे हा मुंबईचा माणूस काय ओळखणार?

तिने हिंगुळाची वाटी काढली. ज्या खांबावर पहिला सापडला होता, त्याच्याच आसपासचे तसलेच तपकिरी तीन कोळी एकेक करून पेल्याखाली धरले. बैल रंगवणं सोपं, तो जागेवर उभा तरी राहतो. हे पोर आठ पायांनी आठ दिशांना पळत होतं. बनुबाईने जीभ दातांत धरली, गवताच्या काडीचं टोक हिंगुळात बुडवलं आणि पहिल्याच्या पाठीवर रेघ ओढली. हाताला इतक्या वर्षांनी जुनी चव आली. खोटं कशाला सांगायचं, तिला मजा वाटली. तिसऱ्याच्या पाठीवरचा पट्टा तर मूळच्यापेक्षा ठसठशीत उठला.

महिपतीने ते तीन पाहिले आणि आत्याला उचलूनच घेतलं. त्या दुपारी तो पोटभर जेवला, वर दोन वाट्या खीर प्यायला, आणि बनुबाईने देवीला बोललेला नारळ फोडून टाकला. रात्री झोप मात्र लागली नाही, पण ते तिने पित्तावर ढकललं.

प्रोफेसरांची मोटार आली तेव्हा सगळी वाडी जमली. अर्धी मोटार बघायला, अर्धी कोळी बघायला. रंगूबाई पाचही मुलग्यांना घेऊन सगळ्यांत पुढे. प्रोफेसर बुटके, हसतमुख, अंगात खाकी कोट. ओटीवर घोंगडी अंथरली होती, तिच्यावर त्यांनी मांडी घातली, चहा घेतला, कुशाबाच्या भाताची चौकशी केली आणि मग बशीत स्पिरिट ओतून चारही कोळी त्यात ठेवले. महिपती शेजारी हात बांधून उभा. बनुबाई दाराच्या आड.

प्रोफेसरांनी भिंग डोळ्याला लावलं. मग त्यांनी बारीक कुंचला घेतला आणि एका कोळ्याची पाठ हळूच घासली. कुंचला वर काढला. त्याचं टोक तांबडं झालं होतं.

त्यांनी दुसरा घासला, तिसरा घासला, आणि भिंग खाली ठेवलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलेलं होतं. त्यांनी महिपतीकडे पाहून विचारलं, "हे रंगवायला तुम्हाला कोणी शिकवलं?"

महिपती पांढराफटक पडला. तोंडातून शब्द फुटेना, आणि न बोलणाऱ्यावरच संशय जास्त येतो. प्रोफेसर आवाज न चढवता बोलत होते, त्याने ते आणखी लागत होतं. चूक कोणाचीही होते, म्हणाले, ती आपण माफ करतो. पण जो नमुना रंगवतो त्याच्या कुठल्याच शब्दावर पुढे विश्वास ठेवता येत नाही, आणि अशा माणसाला आपल्याकडे जागा नाही. त्यांनी बशी बाजूला सारली आणि टोपीकडे हात नेला. कुशाबाला सगळं कळलं नाही, पण आपल्या पोराची अब्रू चालली एवढं कळलं, आणि त्याने मान खाली घातली.

बनुबाई दाराआडून हे बघत होती. समोर अंगणात रंगूबाई मान उंच करून उभी. आता बाहेर पाऊल टाकलं की नाव गेलंच, आणि वर हसं. तिने पदर खोचला आणि ती ओटीवर आली.

"त्याला बोलू नका," ती म्हणाली. "त्याला काय बी ठाऊक नाय. रंग माझा हाय."

प्रोफेसरांनी तिच्याकडे वर पाहिलं आणि नरमाईने सांगितलं की भाच्यावरच्या मायेने तुम्ही आळ अंगावर घेताय, ते मला समजतं. झालं. खरं बोलायला एवढा जीव गोळा केला, आणि खऱ्यावर विश्वास नाही. बनुबाईचं डोकं फिरलं. ती तशीच आत गेली, हिंगुळाची वाटी आणली, ओटीच्या आढ्यातून एक कोळी पेल्यात पाडला, प्रोफेसरांच्या समोर बसली आणि गवताच्या काडीने एका दमात त्याच्या पाठीवर पट्टा ओढला. कोळी पळाला तरी रेघ वाकली नाही. पेला तिने त्यांच्यापुढे सरकवला.

"पयला चुकून रंगला. मी बोळा खांबाला पुसला तेव्हा," ती म्हणाली. "हे तिघं मुद्दाम रंगवले. पोर जेवत नव्हतं म्हनून. आनि माझं नाव लागनार व्हतं म्हनून. आता घ्या."

प्रोफेसर पेल्यातल्या कोळ्याकडे बघत राहिले, मग बनुबाईच्या हाताकडे, आणि मग एवढ्या मोठ्याने हसले की मोटारीचा ड्रायव्हर उठून बसला. त्यांनी टोपी खाली ठेवली. महिपतीची माफी मागितली, तीही सगळ्यांसमोर, आणि लगेच त्याला झापलंही. रंग म्हणजे कोळ्याचा सदरा, म्हणाले, सदऱ्यावरून माणूस ओळखतो का आपण? तू पट्टा बघत बसलास आणि कोळी बघायचा विसरलास.

मग गुरुशिष्य दोघं मिळून कोळी बघायला लागले. आणि आंधळ्याच्या गाई देव राखतो तो असा. बनुबाईने रंगवलेल्या तिघांपैकी दोन अगदी सामान्य निघाले, कोणाच्याही घरात सापडतील असले. तिसरा मात्र पहिल्या मादीच्याच जातीचा होता आणि तो नर होता. नराच्या तोंडापुढे दोन आखूड पाय असतात, त्यांच्या टोकाला बोंडासारखी गाठ असते. या कोळ्याच्या गाठीला विळ्यासारखा वाकडा आकडा होता. जवळच्या माहीत असलेल्या जातीत तो सरळ असतो. शिवाय मागच्या रांगेतले मधले दोन डोळे एका उंचवट्यावर चिकटून बसलेले, आणि पुढच्या पायांच्या नळीवर काळ्या केसांचा झुपका. मादीच्या पायांवरही तोच झुपका. प्रोफेसरांनी भिंग महिपतीच्या हातात दिलं, परत घेतलं, परत दिलं. जात नवीनच होती. तपकिरी, बिनपट्ट्याची, दिसायला अगदीच साधी.

नाव काय द्यायचं, असं प्रोफेसरांनी विचारलं. बनुबाई वाटी घेऊन आत निघाली होती, ती उंबऱ्यावर थबकली. महिपती तिच्याकडे न बघता म्हणाला, "आंबेनळीचं द्यावं."

बरोबरच होतं. तिने स्वतःला तसं सांगितलंही. पण दुपारभर ती चुलीपुढून हलली नाही, आणि डोळे का लाल झाले म्हणून विचारणाऱ्या आनंदीबाईला तिने ओल्या लाकडांचं कारण सांगितलं. महिपती सुट्टी संपेपर्यंत तिच्याशी कामापुरतं बोलला. जाताना पाया पडला, पण थांबला नाही. विहिरीवर रंगूबाईने चार दिवस तोंडसुख घेतलं आणि बनुबाईने मान खाली घालून ऐकलं, तेव्हा पाचव्या दिवशी रंगूबाईलाच कसंनुसं झालं आणि तिने बनुबाईला उकड्या तांदळाची पेज पाठवली.

उन्हाळ्यात महिपती आला तो कायम होऊन. ट्रंकेतून त्याने छापलेली पातळ चोपडी काढली, ओटीवर आत्याला समोर बसवलं आणि इंग्रजीचं मराठी करत वाचून दाखवायला लागला. आधी आंबेनळीच्या नावाचं लॅटिन रूप आलं. मग नराचं वर्णन, मादीचं वर्णन, डोळे कसे, झुपका कुठे, आकडा किती वाकडा, शेजारच्या जातीहून ही वेगळी कशी ओळखावी. बनुबाई हूं हूं करत होती. तिला त्यात फारसा रस नव्हता. पोरगं पूर्वीसारखं बोलतंय, एवढ्याने तिचं पोट भरलं होतं.

शेवटी एक सूचना होती. ती वाचायच्या आधी महिपतीने घसा खाकरला. "मूळ नमुन्यांच्या पाठीवर राहिलेला तांबडा पट्टा या जातीचा नव्हे. तो हिंगुळाचा आहे. मादीवर तो चुकून लागला. नरावर तो लेखकाची आत्या बनुबाई हैबती, राहणार पोलादपूर, हिने हाताने काढलेला आहे. जात ओळखताना तो धरू नये."

बनुबाई उठूनच उभी राहिली. तिने विचारलं की मेल्या, माझी लबाडी छापलीस? साऱ्या जगात? महिपती म्हणाला, छापावीच लागली. रंग केसांत इतका मुरलाय की पुरता निघाला नाही. ती बाटली कपाटात राहणार, पुढे शंभर वर्षांनी कोणी उघडली तर त्याची फसगत व्हायला नको. ते ठीक, ती म्हणाली, पण मग नाव कशाला घातलं, एका बाईने रंगवला म्हणायचं. प्रोफेसरही तेच म्हणत होते, असं त्याने कबूल केलं. मग चोपडी मिटून तो म्हणाला, "तू सगळ्या वाडीसमोर तुझ्या तोंडानं सांगितलंस म्हणून मी आज तिथं हाय, आते. तुझं नाव मी कसं लपवू?"

ती खाली बसली. थोडा वेळ पदराच्या टोकाशी चाळा करत राहिली. त्या बाटलीतला कोळी बघायचा असेल त्याला ही सूचना वाचावीच लागेल का, असं तिने विचारलं. वाचावीच लागेल, तो म्हणाला. विलायतेतल्या माणसालासुद्धा? त्यालासुद्धा. "मग परत वाच," ती म्हणाली, "हिंगुळापासून."

दुसऱ्यांदा वाचून होतंय तोवर कुंपणापलीकडे रंगूबाई कान देऊन उभी राहिली होती. तिला राहवेना. अखेर लागलं का गो तुझं नाव कोळ्याला, असं तिने विचारलं, आणि या खेपेला त्यात टोमणा कमी आणि उत्सुकता जास्त होती.

बनुबाई ओटीवरून उतरली, कुंपणापाशी गेली, आणि सगळ्या वाडीला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "कोळ्याला काय, कुनाचं बी नाव चिकटवतील. माझं नाव माझ्या कामावर छापलंय."